वाचक विचारतात : हिटलरच्या जर्मनीतील रोजचे जगणे

नाझी राजवटीतील जर्मनीविषयी आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत. १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत तेथील साधा माणूस कसा जगला, हे बहुतेक वाचकांना जाणून घ्यायचे आहे. म्हणून उत्तरांमध्ये रणांगणापेक्षा घर, गल्ली आणि कचेरी यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : नववीच्या वर्गात मुले विचारतात, हिटलर निवडणूक जिंकून आला होता, मग त्याने सत्ता बळकावली असे का म्हणायचे? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : मुलांना आधी आकडे दाखवावेत. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला सुमारे ३७ टक्के मते पडली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती ३३ टक्क्यांवर उतरली. मोकळ्या निवडणुकीत या पक्षाला बहुमत कधीच मिळाले नाही. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमले, कारण फ्रान्झ फॉन पापेन आणि त्यांच्यासारख्या उजव्या पुढाऱ्यांची अशी समजूत होती की मंत्रिमंडळात नाझी मंत्री तिघेच असल्यामुळे या माणसाला आपल्या मुठीत ठेवता येईल. ही समजूत महिनाभरही टिकली नाही.

२७ फेब्रुवारीच्या रात्री बर्लिनमधील राइशटागची, म्हणजे संसदेची, इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने भाषण, वृत्तपत्रे आणि सभा यांचे स्वातंत्र्य, टपाल-टेलिफोनची गुप्तता आणि अटकेविरुद्धचे संरक्षण हे सारे एका फटक्यात स्थगित झाले. तो वटहुकूम नाझी राजवट संपेपर्यंत कायम राहिला. हजारो कम्युनिस्ट तुरुंगात असताना, रस्त्यांवर नाझींच्या तपकिरी गणवेशातील तुकड्या फिरत असताना ५ मार्चला मतदान झाले. तेव्हाही पक्षाला ४३.९ टक्केच मते मिळाली. २३ मार्चला संसद क्रोल ऑपेरागृहात भरली. सरकारला संसदेवाचून कायदे करण्याचा अधिकार देणारे विधेयक समोर होते आणि सभागृहात नाझींचे गणवेशधारी पहारा देत उभे होते. कम्युनिस्टांचे ८१ सदस्य आत येऊच शकले नाहीत. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने आश्वासनांवर विसंबून बाजूने मत दिले. विरोधात उभे राहिले ते फक्त सोशल डेमोक्रॅट, आणि त्यांचे नेते ओटो वेल्स यांनी हिटलरच्या तोंडावर सांगितले की स्वातंत्र्य आणि प्राण आमच्याकडून हिरावून घेता येतील, आमची अब्रू नाही. मते पडली ४४४ विरुद्ध ९४. वर्गात वेळ थोडा असेल तर या एका दिवसाची हकिकत सांगावी, असे मी सुचवेन.

त्यानंतर फारसे काही उरले नव्हते. १ मे हा कामगार दिन सरकारने भरपगारी सुटीचा म्हणून थाटात साजरा केला आणि २ मेच्या सकाळी कामगार संघटनांच्या कचेऱ्यांचा ताबा घेतला. १४ जुलैच्या कायद्याने नाझी पक्षाखेरीज दुसरा पक्ष ठेवणे हा गुन्हा ठरला. जानेवारीपासून मोजले तर साडेपाच महिने लागले.

प्रश्न : आमच्या घरात वडीलधारी मंडळी म्हणत, हिटलरने बेकारी घालवली, रस्ते बांधले आणि सामान्य जर्मन सुखी होता. यात तथ्य किती? (एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर)

उत्तर : बेकारी ओसरली, हे खरे आहे. १९३३ च्या आरंभी साठ लाखांच्या आसपास लोक कामाविना होते आणि १९३८ पर्यंत कारखान्यांना माणसे मिळेनाशी झाली होती. मात्र हे काम मुख्यतः शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतून आले, १९३५ मध्ये सुरू झालेल्या सक्तीच्या लष्करभरतीने लाखो तरुण रोजगाराच्या बाजारातून बाहेर काढले आणि नोकरीवरून दूर केलेल्या ज्यूंची व अनेक स्त्रियांची गणना बेकारांत होईनाशी झाली. संघटना मोडल्यामुळे मजुरीची मागणी करण्याची सोय उरली नाही. रस्त्यांचे श्रेयही तपासून घ्यावे लागते : कोलोन ते बॉन हा मोटारमार्ग १९३२ मध्येच खुला झाला होता आणि त्याचे उद्घाटन कोलोनचे तत्कालीन महापौर कोनराड आडेनाउअर यांनी केले होते.

त्या सुखाचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. कामगारालाही मोटार मिळेल असे सांगून सरकारने बचतीची योजना काढली. आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट विकत घ्यायचे, ते पुस्तिकेत चिकटवायचे आणि ९९० मार्क किमतीच्या गाडीची वाट पाहायची. तीन लाखांहून अधिक लोकांनी तिकिटे चिकटवली, पण युद्ध लागताच कारखाना लष्करी वाहनांकडे वळला आणि त्या बचतदारांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही.

दुसरा नमुना स्वयंपाकघरातला. ऑक्टोबर १९३३ पासून हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी प्रत्येक घरात एकाच भांड्यात शिजणारा साधा रस्सा करावा आणि नेहमीच्या जेवणापेक्षा जे पैसे वाचतील ते हिवाळी मदतनिधीला द्यावेत, असा फतवा निघाला. कल्पना ऐकायला चांगली आहे, आणि गरिबाला कोळसा-बटाटे मिळतात याचे समाधान पुष्कळांना मनापासून वाटले, हेही नाकारू नये. परंतु पैसे गोळा करणारा दारात येत असे, आणि देणाऱ्याला त्या महिन्याचे पत्रक दारावर लावण्यासाठी मिळत असे. ज्याच्या दारावर पत्रक नाही त्याचे दार जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरे. दान आणि हजेरी यांतील फरक असा पुसला गेला.

प्रश्न : गेस्टापो या गुप्त पोलिसांची नजर प्रत्येकावर होती, म्हणून लोक गप्प राहिले असे वाचले आहे. हे बरोबर आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : भीती खरी होती. डाखाउची छळछावणी मार्च १९३३ मध्येच सुरू झाली आणि ती मुद्दाम झाकून ठेवलेली नव्हती; तिच्याविषयी वृत्तपत्रांत छापून आले होते. मात्र प्रत्येकावर नजर ठेवण्याइतकी माणसे गेस्टापोकडे कधीच नव्हती. १९३७ मध्ये ड्युसेलडॉर्फ शहराची वस्ती पाच लाखांच्या घरात होती आणि तेथे गेस्टापोचे अधिकारी होते १२६. एवढ्याशा मनुष्यबळाला कान पुरवले ते लोकांनी. जपून राहिलेल्या दप्तरांवर इतिहासकारांनी काम केले तेव्हा दिसून आले की कितीतरी प्रकरणांची सुरुवात शेजारी, सहकारी, भाडेकरू किंवा नातेवाईक यांनी केलेल्या चुगलीने झाली होती, आणि त्या चुगलीमागे पक्षनिष्ठेइतकेच जागेचे भांडण, धंद्यातील चढाओढ किंवा बिनसलेला संसारही असे. डिसेंबर १९३४ च्या एका कायद्याने सरकारविषयी कुत्सित बोलणे हाही गुन्हा ठरला होता, त्यामुळे चुगली करायला दारूच्या गुत्त्यातील एक वाक्य पुरत असे.

गल्लीच्या पातळीवर पक्षाचा ब्लॉकलाइटर असे. त्याच्याकडे चाळीस ते साठ घरे सोपवलेली असत. वर्गणी गोळा करणे, सणाला झेंडा कोणी लावला नाही ते पाहणे, कोणाकडे कोण येते-जाते याची नोंद ठेवणे हे त्याचे काम. आपल्याकडे चाळीत राहिलेल्या माणसाला अशा नजरेचा जाच वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. बोलण्याआधी मान वळवून आजूबाजूला कोणी नाही ना हे पाहण्याच्या सवयीला लोक आपसात ‘जर्मन नजर’ म्हणत. युद्ध सुरू झाले त्याच दिवशी परदेशी रेडिओ ऐकण्यावर बंदी आली आणि ऐकलेले पसरवणाऱ्याला मृत्युदंडाची तरतूद झाली. मग बीबीसी लावणारी माणसे आवाज कमी करून कान पेटीला भिडवत आणि बंद करण्यापूर्वी काटा पुन्हा जर्मन केंद्रावर आणून ठेवत.

बर्लिनमधील ओटो आणि एलिझे हाम्पेल या जोडप्याची हकिकत मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. ओटो कारखान्यातला कामगार, शिक्षण बेताचे. १९४० मध्ये एलिझेचा भाऊ फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला आणि त्यानंतर दोघांनी पोस्टकार्डे लिहायला घेतली : लष्करात जाऊ नका, हिवाळी मदतनिधीला पैसे देऊ नका, हिटलरला हाकला. वेडेवाकडे अक्षर, शुद्धलेखनाच्या चुका. ही कार्डे ते बर्लिनमधील इमारतींच्या जिन्यांत आणि टपालपेट्यांत ठेवून येत. दोन वर्षांत दोनशेहून अधिक कार्डे लिहिली आणि ज्यांच्या हाती ती लागली त्यांतील जवळजवळ सगळ्यांनी ती पोलिसांकडे नेऊन दिली. ८ एप्रिल १९४३ रोजी दोघांचाही शिरच्छेद झाला. ज्यांनी कार्डे नेऊन दिली त्यांच्यात नाझींचे भक्त होतेच, पण आपल्याजवळ ती सापडली तर काय होईल या धास्तीने हात थरथरलेले लोकही होते. भीती आणि सहभाग अशी दोन निराळी खाती मांडता येत नाहीत, असे मला वाटते ते यामुळेच.

प्रश्न : त्या काळातील जर्मनीशी महाराष्ट्रातील कोणाचा संबंध आला होता का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : विदुषी इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतरांपेक्षा वेगळी असते आणि त्याच्या बुद्धीचे कारण त्यात आहे, असे फिशर यांना दाखवायचे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंश व कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता यांचा असा संबंध आढळत नाही, असे लिहिले. गुरूच्या संस्थेत, गुरूच्या मताविरुद्ध, परदेशी विद्यार्थिनीने असे लिहिण्याला किती धीर लागला असेल, याचा विचार मनात येतोच. त्या परतल्यानंतर, १९३३ मध्ये, फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि १९३७ मध्ये ऱ्हाइन प्रदेशातील शेकडो मिश्रवंशीय मुलांची गुपचूप नसबंदी करण्यात आली तेव्हा त्यासाठी लागणारे तज्ज्ञांचे दाखले देण्यात त्यांचा हात होता.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त स्टुटगार्टमध्ये राहते. आमच्या इमारतीसमोर फुटपाथवर नाव कोरलेला पितळी दगड आहे. तेथे राहणाऱ्यांचे काय झाले आणि शेजाऱ्यांना ते ठाऊक होते का? (एक संगणक अभियंता, मूळच्या वसईच्या)

उत्तर : हे दगड गुंटर डेमनिग या कलावंताने बसवायला सुरुवात केली. दहा सेंटिमीटर चौरसाचा हा दगड, नाझींनी ज्यांचा बळी घेतला किंवा ज्यांना छळले त्यांनी स्वतः निवडलेल्या शेवटच्या राहत्या घरापुढे बसवतात आणि त्यावरील मजकूर बहुधा ‘येथे राहत होते’ अशा शब्दांनी सुरू होतो.

शेजाऱ्यांना सगळे कळत नव्हते, पण दिसत बरेच होते. ज्यूंचे आयुष्य एकेका नियमाने आवळले गेले : १९३३ मध्ये सरकारी नोकरी गेली, १९३५ मध्ये नागरिकत्वाचे हक्क, नोव्हेंबर १९३८ मध्ये प्रार्थनामंदिरे भर रस्त्यावर पेटली, १९३९ मध्ये रेडिओ काढून घेतले. शिधापत्रिकेवर ‘जे’ हे अक्षर आणि खरेदीसाठी दिवसातला ठरावीक वेळ. सप्टेंबर १९४१ पासून छातीवर पिवळा तारा. १९४२ मध्ये पाळीव प्राणी ठेवण्यावरही बंदी आली, आणि ते दुसऱ्या कोणाला देण्याचीही मुभा नव्हती. ड्रेस्डेनचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्परर आणि त्यांच्या पत्नी यांना आपली मांजर पशुवैद्याकडे नेऊन मारावी लागली. दुकानदाराने, टपालवाल्याने, वरच्या मजल्यावरच्या बाईने हे सारे रोज पाहिले.

आपल्या शहरापुरते सांगायचे तर, स्टुटगार्ट ज्या प्रांतात आहे त्या वुर्टेम्बर्गमधील सुमारे हजार ज्यूंना शहरातील किलेसबर्गच्या उद्यान-प्रदर्शनाच्या जागेत गोळा करून १ डिसेंबर १९४१ रोजी उत्तरेकडील मालधक्क्यावरून लाटव्हियातील रीगाला पाठवण्यात आले. फार थोडे परतले. मागे राहिलेली घरे सरकारने ताब्यात घेतली. जर्मनीतील अनेक शहरांत अशा घरांतील पलंग, चादरी, भांडी यांचे जाहीर लिलाव झाले आणि लोकांनी ती विकत नेली. नेलेल्या ज्यूंना गोळीबाराने आणि विषारी वायूने मारले जाते, ही माहिती आघाडीवरून सुटीवर येणाऱ्या सैनिकांच्या तोंडून कुजबुजीत येत होती. ती ऐकायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवले.

स्टुटगार्टपासून फार दूर नसलेल्या ग्राफेनेक येथे १९४० या एका वर्षात १०,६५४ मनोरुग्ण आणि अपंग माणसे वायूने मारली गेली. नातेवाइकांना मृत्यूची खोटी कारणे लिहिलेली पत्रे आली. ज्याचे आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) पूर्वीच काढलेले होते तो आंत्रपुच्छाच्या विकाराने गेल्याचे पत्र हाती पडल्यावर कुटुंबांना कळायचे ते कळले. येथे मात्र लोक बोलले. ऑगस्ट १९४१ मध्ये म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनातून या हत्यांचा उघड निषेध केला आणि त्याच महिन्यात वायूने मारण्याची ती मोहीम थांबवावी लागली, जरी उपासमारीने आणि औषधांनी मारणे पुढे चालूच राहिले. ज्यूंसाठी एवढा उघड आवाज उठला नाही.

आपल्या दारापुढील दगडावरचे नाव, जन्मवर्ष आणि नेले त्या ठिकाणाचे नाव उतरवून घ्या. उत्तर स्थानकाजवळ, जेथून गाड्या सुटल्या तेथे, रूळ तसेच ठेवून स्मारक केले आहे आणि त्याच्या भिंतीवर दोन हजारांहून अधिक नावे लिहिलेली आहेत. दगडावरच्या व्यक्तीला आपल्या शहरातूनच नेले असेल, तर तिचे नाव तेथे सापडण्याचा संभव बराच आहे.