बेळगावात वळीव गडगडतो, मग मिरगाचा पाऊस मुका का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात बेळगावात दुपारी अंग भाजतं आणि संध्याकाळी विजा-गारांसह वळीव कोसळतो. जूनमध्ये पाऊस दिवसचे दिवस लागून राहतो, पण गडगडाट जवळपास नाही. समुद्र तर इथून सरळ रेषेत साधारण ९० किलोमीटर लांब, मग त्याचा यात हात किती?

हात दोन्ही पावसांत आहे. फक्त तापमानातला फरक दोन दिशांनी बघायला हवा. जमीन आणि समुद्र यांच्यातल्या आडव्या फरकानं वारा सुटतो. खालची आणि वरची हवा यांच्यातल्या उभ्या फरकानं ढग चढतो.

आधी वळीव. पाणी तापायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा चार-पाचपट उष्णता लागते, शिवाय लाटा ती खोलवर मिसळतात. त्यामुळं मे महिन्यात अरबी समुद्र रात्रंदिवस २९-३० अंशांच्या आसपास असतो. आमची नांगरून टाकलेली काळी रानं मात्र भर दुपारी अनवाणी पाय ठेवू देत नाहीत. त्यांच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, खाली दाब घटतो आणि समुद्रावरची दमट हवा घाट चढून आत येते. बेळगावलगतच्या वडगाव-शहापूरच्या शिवारात हे अंगाला कळतं: दुपारपर्यंत पूर्वेचा कोरडा वारा नाहीतर नुसता उकाडा, आणि उन्हं कलताना पश्चिमेकडून ओलसर झुळूक. हे दोन वारे भिडतात तिथं हवेला वर जाण्याशिवाय वाट उरत नाही.

चढणारी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंश थंड होते. पण वाफेचं पाणी व्हायला लागलं की वाफेतली साठलेली उष्णता सुटते आणि हे थंड होणं जवळजवळ निम्म्यावर येतं. भोवतालच्या हवेपेक्षा ती ऊबदार राहते, म्हणून चढतच जाते, कधी १२-१५ किलोमीटरपर्यंत. साधारण ५ किलोमीटरच्या वर पाणी गोठू लागतं. तिथं बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आपटतात, त्यातून विद्युतभार वेगळे होतात आणि वीज पडते. पावसाच्या आधी घरावरचे पत्रे उचलणारा गार वारा म्हणजे थेंबांच्या बाष्पीभवनानं थंड, जड झालेली खाली आदळणारी हवा. तास-दीड तासात जमीन निवते आणि ढगाचा आधारच जातो.

मिरगात, म्हणजे जूनमधल्या मृग नक्षत्रात, चित्र वेगळं. विषुववृत्त ओलांडून आलेला वारा हजारो किलोमीटर समुद्रावरून येतो. पाणी आणि त्यावरची हवा यांच्यात फरक बहुधा अंशभराचाच असतो, पण एवढ्या जोराचा वारा सतत वाफ उचलत राहतो. सह्याद्री त्याला जबरदस्तीनं वर ढकलतो, म्हणून आंबोली, कणकुंबी, जांबोटी ही घाटातली गावं भिजून जातात. आभाळ झाकलेलं, जमीन तापत नाही, उभा फरक तोकडा. ढग बहुतेक वेळा गोठण्याच्या पातळीखालीच राहतात आणि थेंबाला थेंब मिळून पाऊस होतो. बर्फ नाही, म्हणून वीज नाही.

पुढं, घाटापासून लांब पूर्वेला असलेल्या अथणीकडं हीच हवा खाली उतरते, तापते, कोरडी पडते. तिकडं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन परत तापलं की ढग पुन्हा गडगडू लागतात, आणि शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भिस्त त्याच पावसावर.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो तो धूळवाफ पेरणीमुळं, म्हणजे मोसमी पावसाआधीच रानात भात पेरण्यामुळं. एका मोठ्या वळवावर विसंबून कुरी (पेरणीचं अवजार) धरली आणि पुढं पावसानं ओढ दिली, तर भाताचं बी उगवून करपतं. ढगांपेक्षा रात्रीच्या वाऱ्याकडं लक्ष द्या. समुद्रावरून येणारी झुळूक जमिनीच्या उष्णतेवर चालते, म्हणून रात्र चढेल तशी पडते. पश्चिमेचा वारा पहाटेलाही तितकाच जोरात असेल, सलग तीन-चार दिवस, तर मोसमी पाऊस जवळ आला समजा.