‘नुसती तयारी दाखवायला सही करा’

प्रश्न : नोकरीच्या परवान्यावर मी मिलानमध्ये राहतो. उंब्रियात, वालनेरिना खोऱ्यातल्या एका डोंगरी गावात जुनं दगडी घर पसंत पडलंय. खाली गोठा, वर दोन खोल्या, त्यावर माळा. किंमत ३८ हजार युरो. सुट्टीत जाऊन राहायला घ्यायचंय. एजंट म्हणतो, ‘प्रोपोस्ता’वर, म्हणजे खरेदीच्या लेखी प्रस्तावावर, सही करून ३ हजारांचा चेक द्या, नुसती तयारी दाखवायला; कर दोनच टक्के पडेल. भारतातल्या भावालाही निम्मा वाटा हवाय. सही करू का?
— एक वाचक, मिलान

उत्तर : इतक्यात नको. घराशी माझं वाकडं नाही, मला त्या ‘नुसती’ शब्दाची धास्ती वाटते. प्रोपोस्तावर तुम्ही सही केलीत, विक्रेत्याने ती मान्य केली आणि तसं तुम्हाला कळवलं, की दोघंही बांधले गेलात. चेक ‘कापारा कॉन्फिर्मातोरिया’, म्हणजे सौदा पक्का करणारा विसार, म्हणून दिला असेल, तर तुम्ही माघार घेतल्यावर तो बुडाला. विक्रेत्याने घेतली तर त्याने दुप्पट परत करायचा. एजंटाची दलालीही तिथेच लागू होते. इटलीत ती विकणारा आणि घेणारा दोघंही देतात, म्हणजे घाई कोणाला आहे ते उघड आहे. या गावांतली घरं वर्षानुवर्षं विक्रीला पडून असतात, तुमचंही चार आठवड्यांत कुठे जात नाही.

सही करायचीच असेल तर त्यात एक अट लिहून घ्या: आमच्या जेओमेत्राने घर नगररचनेच्या आणि कातास्तोच्या (मालमत्तांच्या सरकारी नोंदींच्या) कागदांशी जुळतं असं लेखी दिलं तरच करार लागू होईल, आणि तोवर चेक वटवायचा नाही. जेओमेत्रा म्हणजे मोजणी, नकाशे आणि बांधकाम परवाने यांत मुरलेला माणूस. तो तुम्ही शोधलेला असावा, एजंटाने सुचवलेला नको.

कागद दोन ठिकाणी पाहायचे असतात आणि लोक एकावरच थांबतात. कातास्तो हे करासाठीचं दप्तर. त्यातला नकाशा प्रत्यक्ष घराशी जुळतो असं २०१० पासून खरेदीखतात नमूद करावंच लागतं, नाहीतर खत रद्दबातल ठरतं. पण नकाशा जुळला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नाही. त्यासाठी कोमुनेच्या, म्हणजे गावच्या नगरपालिकेच्या, तांत्रिक कार्यालयातली फाइल काढायची. इतक्या जुन्या घराची फाइल बहुधा नसतेच. मग १९३९–४० च्या सुमाराचा पहिला कातास्तो नकाशा काढून बघतात, जिना तेव्हा कुठे होता, माळ्याला खिडकी होती का. नंतर कोणी गुपचूप काढलेलं न्हाणीघर इथे उघडं पडतं.

आता गोठा. तो तुमच्या सौद्यात आहे हे कशावरून धरलंत? कातास्तोत प्रत्येक भागाला वेगळा ‘सुबाल्तेर्नो’ क्रमांक असू शकतो आणि मालकही वेगळा. डोंगरउतारावर घरं एकमेकांत अडकवून बांधलेली असतात. मी पाहिलेल्या एका घरात स्वयंपाकघराच्या फरशीखालची कमानदार कोठी शेजाऱ्याची होती. तिचं दार खालच्या गल्लीत उघडायचं, आत त्याचे दारूचे बुधले आणि एक मोडका ट्रॅक्टरचा सीट. कमानीला चीर पडली, तर दुरुस्ती त्याच्याशी बोलूनच करावी लागणार. इटालियन कायद्यात अशा मधल्या छताचा खर्च निम्मा-निम्मा असतो, फरशी वरच्याने करायची, गिलावा खालच्याने. शेजारी भला असला तर ठीक.

मालक किती, हेही विचारा. घर अजून आजोबांच्या नावावर, नातवंडं पाच, त्यातली दोन अर्जेंटिनात, हे इथलं नेहमीचं चित्र. सगळ्यांच्या सह्या किंवा रीतसर मुखत्यारपत्रं हवीत. मागच्या वीस वर्षांचा मालकीचा आणि गहाणाचा इतिहास नोताइओ, म्हणजे खरेदीखत करणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, तपासतो.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र एजंटाने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. हे खोरं भूकंपप्रवण आहे आणि त्यातला नोर्चा गावाचा परिसर तर सर्वाधिक धोक्याच्या पहिल्या श्रेणीत येतो. ३० ऑक्टोबर २०१६ चा ६.५ तीव्रतेचा धक्का तिथलाच. त्यानंतर घराघराची पाहणी झाली. या घराचा ‘आएदेस’ अहवाल असल्यास कोमुनेतून मागवा. ‘ए’ म्हणजे राहण्यायोग्य, ‘ई’ म्हणजे नाही. जुनी भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण बऱ्याचदा ती दोन पातळ थर आणि मध्ये भरलेला दगडगोटा एवढीच असते. बाहेरच्या बाजूला, भिंतींना आवळून धरणाऱ्या लोखंडी ताणपट्ट्यांची टोकं दिसतात का पाहा. दिसली तर चांगलं. लाकडी छप्पर काढून कोणी काँक्रीटचा स्लॅब घातला असेल, तर सावध व्हा, कमकुवत भिंतींवरचं हे ओझं भूकंपात घात करतं. इथे जेओमेत्रा पुरत नाही, संरचना अभियंताच लागतो. आतून सिमेंटचा गिलावा असेल तर ओल भिंतीतच कोंडते. तो काढून चुन्याचा करावा लागेल, तो खर्च आजच धरा.

दोन टक्क्यांचं म्हणाल तर ते पहिल्या घराला, आणि १८ महिन्यांत त्या गावचं रहिवासी व्हायला तयार असाल तर. तुम्ही मिलान सोडणार नाही, म्हणजे नऊ टक्के. खासगी विक्रेत्याकडून घेताना खतात मागणी केली, तर तो किमतीवर न लागता कातास्तोच्या मूल्यावर लागतो. ‘रेंदिता’, म्हणजे कातास्तोत नोंदलेलं घराचं अंदाजी वार्षिक उत्पन्न, २०० युरो असेल तर गुणिले १२६, म्हणजे २५,२००. त्याचे नऊ टक्के २,२६८ युरो. खरी किंमत मात्र खतात लिहावीच लागते, कमी लिहायचा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करा. दुसरं घर म्हणून ‘इमू’ हा मालमत्ता कर दरवर्षी जून आणि डिसेंबरमध्ये येईल.

भावाचं वेगळं. तुमच्याकडे नोकरीचा परवाना आहे म्हणून तुम्हाला अडचण नाही. तो इटलीत राहत नाही, त्यामुळे त्याच्याबाबत परस्परतेची अट तपासली जाते, म्हणजे इटालियन माणसाला भारतात तसंच घर घेता येतं का. हे नोताइओला आधी विचारा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत भावाचं नाव प्रोपोस्तात घालू नका. नोताइओची फी सहसा तुम्हीच देणार, तेव्हा निवडही तुमचीच. रक्कम खताची नोंदणी होईपर्यंत त्याच्याच वेगळ्या खात्यात ठेवता येते, २०१७ पासून कायद्याने ती सोय आहे. विक्रेता कुरकुरेल, तरीही मागा.