मेनफ्रेमवरचा नाइट बॅच (रात्री ओळीनं चालणारे जॉब) लांबतोय. कोणता जॉब अडतो हे शोधायला छोटं टूल स्वतः लिहावं का? रेक्समध्ये (मेनफ्रेमवरची स्क्रिप्ट भाषा) की पायथनमध्ये?

लिहा. भाषेचं नंतर बघू, कारण अशी टूल्स भाषेमुळे फसत नाहीत, चुकीचं इनपुट घेतल्यामुळे फसतात. बहुतेक जण आरएमएफचा (सिस्टिमच्या कामगिरीची मोजमापं घेणाऱ्या प्रोग्रामचा) छापील रिपोर्ट उचलतात आणि त्याचे कॉलम कापत बसतात. मधेच पान बदलतं, हेडिंग पुन्हा येतं, पुढच्या रिलीजला कॉलम दोन घरं सरकतात आणि टूल गुपचूप चुकीचे आकडे देऊ लागतं. "रिपोर्टमध्ये सगळं असतं की" म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. आरएमएफ इंटरव्हलचा (ठरावीक कालखंडाचा) हिशोब देतो. जॉबचा हिशोब एसएमएफ या सिस्टिमच्या नोंदवहीतल्या टाइप ३० रेकॉर्डमध्ये असतो.

आयएफएएसएमएफडीपी या युटिलिटीने (एसएमएफ लॉगस्ट्रीममध्ये लिहिलं जात असेल तर आयएफएएसएमएफडीएलने) फक्त टाइप ३० बाजूला काढा. त्यातला सबटाइप ४ स्टेप (जॉबमधला एक टप्पा) संपल्याचा, ५ जॉब संपल्याचा, २ आणि ३ इंटरव्हलचे. सगळ्यांची सरसकट बेरीज केली की तोच सीपीयू दोन-तीनदा मोजला जातो. फक्त ४ घ्या. डीडी (स्टेपला फाइली जोडणाऱ्या ओळी) फार असतील तर एकाच स्टेपचे जादा रेकॉर्ड पडतात आणि त्यांत एक्ससीपीचाच (आयओ, म्हणजे वाचन-लेखनाच्या मोजणीचा) विभाग असतो. स्टेप मोजताना ते गाळा.

चाळणी डीएफसॉर्ट या सॉर्ट प्रोग्रामवर सोपवा. आरडीडब्ल्यू (रेकॉर्डच्या सुरुवातीचे, लांबी सांगणारे चार बाइट) धरून टाइप ६ व्या बाइटला, सबटाइप २३ व्यापासून दोन बाइट. टीएम१ आणि डीटी१ हे फॉरमॅट वापरले तर हेडरमधली वेळ-तारीख वाचण्याजोगी होऊन येते, कोड लिहावा लागत नाही. रेक्समध्ये हातानं करायचं तर: वेळ मध्यरात्रीपासूनच्या शतांश सेकंदांत, तारीख पॅक्ड (एका बाइटात दोन अंक). ०१२४०६०एफ दिसलं तर १२४ मध्ये १९०० मिळवा. २०२४ चा ६० वा दिवस, म्हणजे २९ फेब्रुवारी. नाइट बॅच मध्यरात्र ओलांडतोच, तेव्हा वजाबाकी उणे आली तर ८६,४०,००० मिळवा.

रेकॉर्डच्या आतले विभाग ऑफसेट, लांबी, संख्या अशा त्रिकुटांतून सापडतात. संख्या शून्य असेल तर तो विभाग नाहीच. वाचायला जाऊ नका. ऑफसेट आरडीडब्ल्यूपासून मोजलेला असतो, एक्झेकआयओ (रेक्समधून फाइल वाचायची कमांड) मात्र आरडीडब्ल्यू कापून देतो आणि रेक्स १ पासून मोजतो. म्हणून प्रत्येक ऑफसेटमधून ३ वजा. ओळख विभागाची पहिली आठ अक्षरं म्हणजे जॉबचं नाव. ते नीट दिसलं की गणित जुळलं समजा. अख्खी फाइल एका दमात स्टेममध्ये (रेक्सच्या अ‍ॅरेत) ओढू नका, काही हजार रेकॉर्डांचे घास घ्या. जुन्या सिस्टिमवर एक्झेकआयओ स्पॅन्ड (एकाहून जास्त ब्लॉकांत पसरलेले) रेकॉर्ड वाचत नाही; तिथे डीएफसॉर्टनेच व्हीबी (न पसरलेले, बदलत्या लांबीचे) करून घ्या.

आता वेळेचे तुकडे पाडा. जॉब सुरू करणाऱ्या इनिशिएटरच्या रांगेत किती वेळ गेला? अलोकेशनची (फाइली जोडून देण्याची) सुरुवात आणि प्रोग्रामची सुरुवात यांत अंतर किती? ते मोठं असेल तर बहुतेक एचएसएमवरून (न वापरलेल्या फाइली बाजूला हलवणाऱ्या व्यवस्थेतून) डेटासेट परत येण्याची वाट बघितली जात होती. प्रोग्रामकडे बघायची गरजच नाही. उरलेल्या वेळातून टीसीबी आणि एसआरबी (सीपीयू वेळेचे दोन हिशोब) वजा करा. बाकी राहिली ती वाट बघण्यात गेली. या बाकीनुसार जॉब उतरत्या क्रमानं लावा, एवढंच टूल. शंभरेक ओळींत होतं.

ही यादी पाहिली की "मशीन मोठं करा" या सल्ल्याचं काय करायचं ते कळतं. समजा एक स्टेप केएसडीएसवर (की-वरून रेकॉर्ड शोधायच्या, इंडेक्स असलेल्या व्हीसॅम फाइलीवर) २० लाख रँडम वाचनं करते आणि इंडेक्स तीन पातळ्यांचा आहे. जेसीएलमध्ये (जॉब चालवायच्या सूचनांत) कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणजे इंडेक्सला डिफॉल्ट एकच बफर. प्रत्येक वाचनाला इंडेक्सचे तीन आणि डेटाचा एक, असे ८० लाख आयओ. एकाला अर्धा मिलिसेकंद धरला तरी ४,००० सेकंद, म्हणजे सुमारे ६७ मिनिटं. सीपीयू असेल चार मिनिटं. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणून वाचणार दोन मिनिटं! तेच जेसीएलच्या एएमपी पॅरामीटरमध्ये बफएनआय (इंडेक्स बफरांची संख्या) पुरेसा वाढवला तर वरच्या पातळ्या मेमरीत राहतात आणि आयओ निम्मे होतात. नुसता बफएनआय वाढवून सिक्वेन्स सेटचं (इंडेक्सच्या सर्वांत खालच्या पातळीचं) वाचन टळत नाही; त्याला एलएसआर (बफरांचा सामायिक साठा) लागतो. बीएलएसआर (बॅच एलएसआर) सबसिस्टिमनं प्रोग्रामला हात न लावता तो मिळतो, आणि वाचनामागे एक आयओ किंवा त्याहून कमी उरतो. संशय खरा आहे का ते एसएमएफच्या टाइप ६४ मध्ये बघा. तिथे डेटा आणि इंडेक्सचे एक्ससीपी वेगळे असतात, पातळ्यांची संख्याही असते. इंडेक्सचे एक्ससीपी डेटाच्या तिप्पट दिसले तर पुढे मीटिंग घ्यायचं कारण नाही.

त्याच स्टेपमध्ये क्रमानं वाचन असेल तर मात्र बीएलएसआर लावू नका. एलएसआरमध्ये पुढचं आधीच वाचून ठेवणं नाही, ती स्टेप उलट रेंगाळेल. इनपुटच की-च्या क्रमानं सॉर्ट करून देता आलं तर या सगळ्याआधी ते करा. साध्या सिक्वेन्शियल फाइलींचं तर इतकं सोपं आहे की लिहायला कंटाळा येतो: ब्लॉकसाइज शून्य द्या, सिस्टिम ठरवते. कोबोलमध्ये त्यासाठी ब्लॉक कंटेन्स शून्य हवं, नाहीतर ८० बाइटचे ब्लॉक लिहिणारे जॉब आजही सापडतात.

सीपीयू कधीच दोषी नसतो असं नाही. एलपारला (मशीनच्या तुमच्या हिश्श्याला) सीपीयूची कॅप लागली असेल, किंवा बॅचचा सर्व्हिस क्लास डब्ल्यूएलएममध्ये (कामांचे अग्रक्रम सांभाळणाऱ्या भागात) तळाला टाकलेला असेल, तर 'बाकी'तला मोठा भाग सीपीयूची वाट बघण्याचा असतो आणि टाइप ३० तो वेगळा दाखवत नाही. त्यासाठी टाइप ७२ चा सबटाइप ३ बघा, तिथे डिले सॅम्पल (काम कशासाठी खोळंबलं याचे नमुने) असतात. झिप या खास प्रोसेसरवरचा वेळही टाइप ३० मध्ये स्वतंत्र फील्डमध्ये असतो. डीबी२ डेटाबेसचे काही जॉब त्याशिवाय विनाकारण संशयित ठरतील.

भाषा: डेटा जिथे आहे तिथेच रोज चालवायचं असेल तर रेक्स. आलेख काढायचे, महिन्याचा कल बघायचा तर पायथन. पण फाइल उतरवताना बायनरी मोड आणि आरडीडब्ल्यू ठेवण्याची सेटिंग दोन्ही हवीत. टेक्स्ट मोडमध्ये पॅक्ड आणि बायनरी फील्डची वाट लागते, आरडीडब्ल्यू गेला की रेकॉर्डच्या हद्दी पुसल्या जातात. आकडे बिग-एंडियन (वजनदार बाइट आधी) धरून वाचा. मेनफ्रेमच्या अक्षरसंचांपैकी पायथनमध्ये सीपी०३७ आयता मिळतो, १०४७ नाही. जॉब आणि डीडीच्या नावांना ०३७ पुरतो. आणि एसएमएफ फाइली वाचायची परवानगी रॅकफवाल्यांकडून (मेनफ्रेमची सुरक्षा सांभाळणाऱ्यांकडून) आधीच मागून ठेवा, त्यात सगळ्यांचे यूजरआयडी असतात.