मधल्या दोन-तीन वर्षांतला माल घ्या

ताई, सेंद्रिय माल इतका महाग का, आणि चार घरांनी घेऊन काय फरक पडतो, हे सरकारनेच करायला नको का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरकडे ऊस करतो. रासायनिक खत बंद करून आठ वर्षं झाली, त्यामुळे जे भोगलं तेच सांगतो.

फरक पडतो, पण तुम्ही माल कधी घेता त्यावर. खत बंद केल्यावर पहिली दोन-तीन वर्षं जीव काढतात. एकरी उतारा घटतो आणि पूर्ण सेंद्रियचं प्रमाणपत्र हातात नसतं, म्हणून दर साधाच. आमच्या गटातले कितीतरी जण याच काळात परत युरियाकडे गेले, आणि मला त्यांना नावं ठेववत नाहीत. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण बाकीचा भार सरकार उचलतं. शेण गोळा करायला, शेण-गोमूत्राचं जीवामृत कालवायला, भांगलायला म्हणजे तण काढायला माणसं लागतात, त्यांच्या मजुरीचा भार कोण उचलतो? केंद्राच्या सेंद्रिय शेतीसाठीच्या परंपरागत कृषी विकास योजनेत शेतकऱ्याच्या खात्यावर हेक्टरी १५ हजार येतात, तेही तीन वर्षांचे मिळून. म्हणजे एकरी वर्षाला दोन हजार. एका भांगलणीतच संपतात.

म्हणून सरकारकडे माझं मागणं एकच आहे: या वर्षांची तूट भरा, आणि अंगणवाडीच्या, शाळेच्या आहाराला याच शेतकऱ्यांचं धान्य घ्या. घाई मात्र नको. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली, भात कोसळला आणि काही महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. सिक्कीमने २००३ पासून रासायनिक खतांचं अनुदान हळूहळू कमी करत २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्यापर्यंत मजल मारली.

आता तुमच्याकडचं. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पीजीएस पद्धतीत गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. रूपांतराच्या, म्हणजे या मधल्या दोन-तीन वर्षांतल्या मालाला ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणतात. दुकानात तो मुद्दाम मागा. त्याला चार पैसे जास्त मिळाले तर तो शेतकरी टिकतो.

आणि गूळ. आमच्या काइलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, मळी वर काढायला भेंडीचं पाणी घालतो, झाऱ्याने मळी काढत राहतो, दुसरं काही नाही. गूळ तांबूस-काळपट होतो. सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, त्याच दिवशी शेजारची पिवळीधमक ढेप, रंग उजळवणारी हायड्रॉस ही रासायनिक पावडर घातलेली, माझ्यापेक्षा चढ्या दराने जाते, कारण गिऱ्हाइकाला पिवळाच गूळ हवा असतो. मागच्या हंगामात पुण्याच्या तीस घरांनी मिळून काळा गूळ आगाऊ सांगून ठेवला, तेव्हा पहिल्यांदा मला तो सौद्यात न्यावा लागला नाही. तुमच्या सोसायटीत अशी दहा घरं जमली तर इथे लिहा. दिवाळीनंतर काइली पेटतात, त्याआधी सांगितलंत तर तेवढा ऊस राखून ठेवता येतो.