खेड्यातून पापड-तिखटाची पार्सलं पाठवायला कोणतं कुरिअर स्वस्त आणि भरवशाचं?

ताई, तुम्ही विचारलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातल्या गावातून बचत गटाचे पापड, कुरडया, तिखट आणि लोणचं पुण्या-मुंबईला, बंगळुरूला पाठवायचंय. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅप अन् इन्स्टाग्रामवरून येऊन राहिल्या आहेत. तर कोणतं कुरिअर स्वस्त, कोणतं भरवशाचं, कॅश ऑन डिलिव्हरी ठेवावी का आणि लोणचं जातं का. मी हिंगणघाटच्या बाजूचा. वायगावची हळद आणि घरचं तिखट असंच पाकिटं करून पाठवतो, म्हणून लिहितोय.

आधी उत्तर. महिन्याला शंभराच्या आत पार्सलं असतील तर स्पीड पोस्ट मुख्य धरा, मोठ्या शहरांसाठी जोडीला एखाद्या अ‍ॅग्रिगेटरचं (एकाच खात्यातून अनेक कुरिअरांचं बुकिंग करून देणाऱ्या कंपनीचं) खातं ठेवा आणि कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा. आता का, ते सांगतो.

नेटवर कुरिअरच्या तुलनेचे जे तक्ते दिसतात ते बहुतेक सुरत, दिल्ली, भिवंडीच्या विक्रेत्यासाठी असतात. त्यांच्या गोदामात रोज संध्याकाळी गाडी येऊन माल उचलते, त्यामुळे त्यांना अर्ध्या किलोचा दर पाहिला की काम झालं. आपल्याकडे प्रश्न त्याच्या आधी सुरू होतो: पार्सल उचलायला येणार कोण? वेबसाइटवर पिनकोड टाकला की "पिकअप उपलब्ध" असं हिरवं दिसतं. पण आपल्या एका पिनकोडात कितीतरी गावं बसतात, आणि ते हिरवं बहुतेक वेळा तालुक्याच्या गावापुरतंच खरं असतं. एका पार्सलासाठी पोरगा वीस किलोमीटर आत येत नाही. त्याला ते परवडत नाही, त्याचाही दोष नाही. मात्र एका कंपनीच्या माणसानं "पिकअपला आलो, विक्रेता जागेवर नव्हता" अशी नोंद टाकली, तेव्हा मी दारातच पाकिटं बांधत बसलो होतो. ट्रॅकिंगवर चार दिवस लिहिलेले असतात ते पार्सल उचलल्यापासूनचे. उचलायलाच तीन दिवस लागले तर पुण्याची बाई तुम्हालाच फोन करणार.

म्हणून दर विचारण्याआधी ठरवा की पार्सल तुमच्या हातून कुठे सुटणार. गावात शाखा डाकघर असेल तर ते पायी अंतरावर आहे. तिथून थैली दिवसातून एकदाच निघते, तेव्हा ती किती वाजता निघते हे डाकसेवकाला विचारून ठेवा आणि पार्सल त्याच्या तासभर आधी द्या. थैली गेल्यावर दिलेलं पार्सल दुसऱ्या दिवसापर्यंत तिथंच राहतं, अन् मग लोक म्हणतात पोस्ट हळू आहे. नगाची संख्या जास्त असेल त्या दिवशी सरळ आर्णीच्या पोस्टात न्या. खासगी कुरिअरसाठीही शेवटी आर्णीला किंवा यवतमाळलाच जावं लागणार असेल, तर एसटीचं तिकीट किंवा पेट्रोल आणि अर्धा दिवसाची मजुरी त्या दरात मिळवा. दहा पार्सलांवर ती वाटली गेली तर ठीक, एका पार्सलावर पडली तर स्वस्त कुरिअर महाग होतं.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ही तुमच्या मालाला माझ्यापेक्षा जास्त लागू आहे. कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याच्या मापाचं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. जे जास्त भरेल त्याचे पैसे. माझी हळद जड आणि आटोपशीर, मला फरक पडत नाही. तुमच्या कुरडया आणि सरगुंडे म्हणजे हवा भरलेला माल. ३० बाय २५ बाय २० चं खोकं घेतलं तर १५,००० भागिले ५,०००, म्हणजे ३ किलो. आत कुरडया असतील एक किलोच्या. काही कंपन्या ४,००० नं भागतात, मग तेच खोकं पावणेचार किलोचं होतं, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यात ते ४ किलो धरलं जातं. पोस्टातही मोठ्या खोक्याची मापं घेतातच. तेव्हा दोन कुरिअरची तुलना करताना नुसता दर विचारू नका, भाजक किती तेही विचारा. आणि खोकं मालाच्या मापाचं घ्या. किराणा दुकानातून बिस्किटाचं रिकामं खोकं फुकट मिळतं म्हणून त्यात अर्धा किलो पापड घालून पाठवणारे आमच्याकडेही आहेत, ते फुकटचं खोकं शंभर रुपयाला पडतं.

वजनावरून वादही होतात. अ‍ॅग्रिगेटरकडे आपण ५०० ग्रॅम लिहितो, कुरिअरच्या हबमधलं, म्हणजे पार्सलं छाटतात त्या गोदामातलं, यंत्र ७४० सांगतं, आणि त्यांच्याकडे आधी भरून ठेवलेल्या आपल्या वॉलेटमधून पैसे आपोआप कापले जातात. हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. उपाय एकच: लेबल चिकटवल्यावर खोकं काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा फोटो, आणि मोजायची टेप लावून मापाचा एक फोटो. गटातल्या एखाद्या पोरीला हे काम वाटून द्या. कंटाळवाणं आहे, पण कापलेले पैसे परत आणायला दुसरा पुरावा नसतो.

आता कॅश ऑन डिलिव्हरी. इथं हिशोब मांडतोच, कारण सगळी गोम इथं आहे. दर समजण्यापुरते धरलेत. २० पार्सलं कॅश ऑन डिलिव्हरीनं पाठवली. जाण्याचे प्रत्येकी ९० रुपये, म्हणजे १,८००. त्यातली ५ परत आली: घरी कोणी नाही, फोन उचलला नाही, "मी मागवलंच नाही". उरलेल्या १५ वर वसुलीचे प्रत्येकी ४५, म्हणजे ६७५. परत येण्याचे ५ गुणिले ९०, म्हणजे ४५०. एकूण २,९२५. पोचलेल्या १५ पार्सलांवर वाटले तर एकेक पार्सल १९५ रुपयांना पडलं. याउलट आधी पैसे घेऊन २० च्या २० स्पीड पोस्टानं १२० रुपयांनी पाठवली तर २,४०० होतात, आणि एक पार्सल १२० लाच राहतं. ९० चा दर १२० पेक्षा महाग पडला तो असा. शिवाय परत आलेल्या पाच खोक्यांत कुरडयांचा चुरा झालेला असतो तो वेगळा, आणि पोचलेल्यांचे पैसे तुमच्या खात्यात यायला आठवडा-दहा दिवस जातात. कापडवाल्याला परत आलेला माल पुन्हा विकता येतो, आपल्याला नाही.

"मग ऑर्डरी कमी होतील" असं तुम्हाला वाटेल. होतील थोड्या. पण तुमचं गिऱ्हाईक बहुतेक आपल्याकडचंच, पुण्याला नोकरीला गेलेलं असणार, त्याला वऱ्हाडी पापडाची किंमत माहीत आहे. यूपीआयनं आधी पैसे देतं. नवख्या माणसाकडून निदान जाण्यायेण्याचं भाडं आधी घ्या, बाकीचे नंतर. ज्यानं शंभर रुपये टाकले तो सहसा दार बंद करत नाही.

मग कोणाकडून पाठवायचं? मी हे कंपनीच्या नावावरून ठरवत नाही, पिनकोडवरून ठरवतो. तुमच्या गेल्या काही महिन्यांच्या ऑर्डरी पिनकोडनुसार लावून पाहा. ४११ पुणे, ४०० मुंबई, ५६० बंगळुरू, आणि ४४ नं सुरू होणारे म्हणजे आपलं विदर्भातलंच. शहरांत डेल्हिवरी, एक्सप्रेसबीज, ब्ल्यू डार्ट, डीटीडीसी सगळेच पोचवतात आणि तिथं खरी स्पर्धा आहे, म्हणून दरही पडतात. ब्ल्यू डार्ट वेळेचं पक्कं, पण त्याचे पैसे मोजावे लागतात आणि पापडाला एवढी घाई नसते. डीटीडीसी फ्रँचायझीवर चालतं, म्हणजे नाव एक असलं तरी यवतमाळचा माणूस आणि पुसदचा माणूस यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तुमच्या जवळचा कसा आहे ते बाजारातल्या दुकानदाराला विचारा. जुन्या लेखांत ईकॉम एक्सप्रेसचं नाव दिसेल, ती कंपनी २०२५ मध्ये डेल्हिवरीनं विकत घेतली, तो आता वेगळा पर्याय धरू नका. शिपरॉकेटसारखे अ‍ॅग्रिगेटर स्वतः काही पोचवत नाहीत, तुमचं पार्सल यांच्यापैकीच कोणाकडे तरी सोपवतात. फायदा एवढा की एका खात्यात सगळ्यांचे दर दिसतात आणि लहान विक्रेत्यालाही थोडा मोठ्याचा दर मिळतो. तोटा हा की पार्सल अडकलं की कुरिअर म्हणतं अ‍ॅग्रिगेटरला विचारा आणि अ‍ॅग्रिगेटर म्हणतो तिकीट टाका, म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवा.

ऑर्डर खेड्यातली असेल तर विचारच करू नका, पोस्ट. धानोरा असो, धारणी असो, भामरागड असो, पोस्टमन तिथं जातो. खासगीवाला तालुक्याच्या स्टँडवर उभा राहून "या घ्यायला" असा फोन करतो, तोही लागला तर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा कोणीच जात नाही. अशा पत्त्याला जुलै-ऑगस्टमध्ये तारीख कबूल करू नका. जवळच्या पत्त्याचंही पार्सल पुष्कळदा नागपूरला जाऊनच परत फिरतं. आर्णीहून अमरावतीला जाणारं पार्सल ट्रॅकिंगवर नागपूरला दिसलं तर घाबरू नका, ते वाट चुकलेलं नसतं.

पोस्टाचे दर पाहताना दोन बदल ध्यानात ठेवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे "रजिस्टरनं स्वस्तात पाठवा" हा जुना सल्ला आता चालत नाही. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे दर बदलले, वर १८ टक्के जीएसटी. मोबाइलवर फिरणारा तक्ता कागदपत्रांचा असतो, त्यावरून पार्सलाचा हिशोब करू नका. खिडकीवर तुमचं भरलेलं खोकं ठेवून विचारा. ५ रुपये अधिक जीएसटी भरून ओटीपी घेऊनच पार्सल देण्याची सोय त्याच वेळी आली. महागाचा नग असेल तर ती घ्या, शेजाऱ्याकडे ठेवून गेल्याचा वाद मिटतो. पार्सलं वाढली की यवतमाळच्या प्रधान डाकघरात जाऊन घाऊक ग्राहकाच्या सवलतीचं विचारा, खिडकीवरचा माणूस ते आपणहून सांगत नाही.

हरवलं तर काय मिळतं हेही आधीच माहीत असू द्या. स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे दोन हजारांच्या मालाला दोनेकशे रुपये. विम्याचे थोडे पैसे भरले तर मालाची किंमत धरली जाते. खासगीतही मर्यादा असते आणि ती बारीक अक्षरात असते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सगळ्यांचंच गाडं तुंबतं, फराळाच्या ऑर्डरी त्याआधीच बंद करा.

एक पर्याय कुठल्याच तक्त्यात नसतो. यवतमाळहून पुण्याला रोज रात्री ट्रॅव्हल्स जातात. दहा-पंधरा किलोचा माल, ओळखीचं गिऱ्हाईक, आणि ते सकाळी बस थांबते तिथं यायला तयार असेल तर याच्याइतकं स्वस्त आणि लवकर काही नाही. संध्याकाळी दिलं, सकाळी पुण्यात. भाडं घासाघीस करून ठरतं. पावती बहुतेक मिळत नाही, म्हणून गाडीचा नंबर आणि क्लिनरचा फोन नंबर लिहून घ्या आणि गिऱ्हाइकाला लगेच पाठवा. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून मागवलं तर हेच करा.

राहिलं लोणचं. काचेच्या बरणीत पाठवू नका, कितीही गुंडाळलं तरी. जाड पाऊच, तो सील करून दुसऱ्या पाऊचमध्ये, मग कडक डबा, आणि वर तेल कमी ठेवा; गिऱ्हाइकाला सांगा की घरी आल्यावर तेल कडकडवून, गार करून ओता. तेल गळणारं पार्सल पोस्ट घेत नाही आणि ते बरोबरच आहे, त्याच थैलीत कोणाचे तरी कागद असतात. विमानानं जाणाऱ्या सेवेत तेलकट माल अडतो, म्हणून खासगीत सरफेसच, म्हणजे रस्त्यानं जाणारी सेवाच, निवडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर असताना बंद ट्रकमध्ये पाऊच फुगतात, त्या दोन महिन्यांत लोणचं मी तरी फक्त रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवीन.