कोमाक्कियोला एका दिवसात जाऊन यावं का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, दोघंही साठीच्या पुढचे. सप्टेंबरअखेर व्हेनिसला जातोय. गर्दी टाळायची असेल तर कोमाक्कियो हे कालव्यांचं छोटं गाव बघा, असं एकांनी सुचवलं. आम्ही गाडी चालवणार नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का?

उत्तर : येता येईल, पण तसं करू नका. कोमाक्कियोला रेल्वे स्टेशन नाही. बोलोन्याच्या गाडीनं फेर्राराला उतरायचं आणि पुढे तासाभराहून जास्त बसचा प्रवास. रविवारी फेऱ्या कमी असतात. एवढी यातायात करून ट्रेप्पोन्ती पुलावर फोटो काढायचा आणि परतीची बस धरायची, यात काही अर्थ नाही.

पूल देखणा आहे, यात शंका नाही. १६३४ साली लुका दानेझे या वास्तुकारानं रचलेला. कालव्यांच्या काठांवरून पाच रुंद जिने चढतात आणि वर एकाच चौथऱ्यावर भेटतात. पण व्हेनिसचे राजवाडे इथे शोधू नका. हे मासेमारांचं गाव आहे आणि ते समजून घ्यायचं तर दक्षिणेकडच्या खाऱ्या, उथळ पाण्यात जायला हवं. अकरा हजार हेक्टरांहून मोठा हा पसारा. दोन रात्री राहा आणि पहिली सकाळ तिथेच घालवा.

गावापासून काही किलोमीटरवर स्तात्सिओने फोचे इथून होडी सुटते. टॅक्सी करा, किंवा सायकल. रस्ता सपाट आहे. होडीच्या वाटेत पाण्यामधली जुनी घरं लागतात. मासे पकडणारे आणि चोरट्या मासेमारीवर पहारा देणारे तिथे राहत. तिथला ‘लावोरिएरो’ नीट पाहा. पूर्वी बोरूचा आणि आता काँक्रीट व धातूचा, बाणाच्या टोकासारखा हा सापळा समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर असतो. इथल्या गोडसर-खारट पाण्यात वर्षानुवर्षं वाढलेले वाम मासे शरदातल्या काळोख्या, वादळी रात्री अंडी घालायला थेट अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्राकडे निघतात. सापळ्यातल्या बारीक फटींतून वाम पुढच्या कप्प्यात सरकतो, इतर मासे मागेच राहतात. माशाची ओढ आणि माणसाचं निरीक्षण, दोन्ही त्या रचनेत दिसतं. मला तरी संपूर्ण गावात याहून बघण्यासारखं काही वाटत नाही.

मग गावात परत येऊन मानिफात्तुरा देई मारिनाती या जुन्या कारखान्यात जा. एका लांब दालनात ओळीनं १२ मोठ्या चुली आहेत. सळईत ओवलेले वाम इथे आगीसमोर फिरवत भाजायचे आणि मग व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात मुरवायचे.

वेळ उरला तर जुन्या इस्पितळाच्या इमारतीतलं संग्रहालय बघा. १९८० मध्ये इथल्या चिखलात सापडलेल्या रोमन जहाजावरचा माल तिथे आहे : शिशाच्या लगडी, चामड्याच्या वस्तू आणि शिशाचीच इवली देवळं. ती देवळं मात्र चुकवू नका.

सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवारी गावात वामांचा उत्सव असतो, तेव्हा खोली आधी ठरवा. शांतता हवी असेल तर मधल्या वारी जा.

प्रश्न : वाम मासा नामशेष होतोय म्हणतात. मग तिथे जाऊन तो खावा का?

उत्तर : युरोपीय वाम धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. नद्यांवरचे बांध, पाणथळ जागांचा नाश, प्रदूषण आणि अतिमासेमारी अशी कारणं एकावर एक साचत गेली. कोमाक्कियोजवळच मेत्सानोचं विस्तीर्ण पाणी १९६०च्या दशकात शेतीसाठी उपसून टाकलं. मी स्वतः वाम खात नाही. त्याच पद्धतीनं मुरवलेले ‘आक्वादेल्ले’ हे बोटाएवढे मासे मिळतात, ते घ्या. चव अस्सल तिथलीच.

प्रश्न : फ्लेमिंगो दिसतील का?

उत्तर : हो. कोमाक्कियोची जुनी मिठागरं १९८०च्या दशकात बंद पडली आणि २०००पासून फ्लेमिंगो तिथे घरटी करू लागले. मिठागरात मार्गदर्शकाबरोबर जायचं असतं, म्हणून आधी नोंदणी करा. दुर्बीण न्या. डासांसाठी मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडेही, विशेषतः संध्याकाळी.