चौथीच्या वर्गात जात, अस्पृश्यता, इतिहासातल्या लढाया हे विषय शिकवायची तयारी कशी करावी?

तुम्ही डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहात. आंतरवासितेत जिल्हा परिषद शाळेतला चौथीचा वर्ग मिळालाय. चवदार तळ्याबद्दल सांगत असताना एका मुलीने "बाई, पाणी का नव्हते घेऊ देत?" असं विचारलं आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. अध्यापक विद्यालयात हे कुणी शिकवत नाही, मग तयारी करायची कशी, असं तुम्ही विचारलंय. मी आधी प्राथमिक शिक्षिका होते, आता बरीच वर्षं अध्यापक विद्यालयात शिकवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विद्यालयाबद्दलची तुमची तक्रार खरी आहे. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) पहिल्या पेपरात 150 पैकी 30 गुण परिसर अभ्यासाला असतात, पण चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत "मुलाने असं विचारलं तर तुम्ही काय बोलाल" हे तपासता येत नाही. सराव पाठाच्या निरीक्षणात प्रस्तावना, हेतुकथन, फळ्याचा वापर, वेळेचं नियोजन बघितलं जातं. पाठ संपल्यावर शेवटच्या रांगेतलं एखादं मूल मान खाली घालून बसलंय का, याला त्या तक्त्यात रकाना नसतो. तो असायला हवा, असं मी आमच्याकडेही सतत सांगत असते.

माझ्या मते या सगळ्या तयारीचं मूळ एकच आहे. ज्या मुलाकडे त्या पाठामुळे सगळा वर्ग वळून बघणार आहे, त्या मुलाच्या जागी बसून तो पाठ आधी वाचायचा. वाचताना कुठे अंग आक्रसतं, कुठे राग येतो, कुठे मान ताठ होते, ते पानावर पेन्सिलीने टिपायचं. पाठटाचण त्यानंतर लिहायचं.

उदाहरण घ्या प्रतापगडाचं. 10 नोव्हेंबर 1659. मुलं हा प्रसंग श्वास रोखून ऐकतात, आणि तो तसाच रंगवून सांगायला हवा. पण वर्गात एखादा शेख किंवा मुलाणी असतो. मधल्या सुट्टीत अफजलखानाचा खेळ सुरू झाला की खान कोणी व्हायचं हे न बोलताच ठरतं. यावर उपाय म्हणून काही शिक्षक तो प्रसंग गुळमुळीत करून टाकतात, ते मला अजिबात पटत नाही. उपाय आपल्या वाचनात आहे. खानाच्या बाजूने बोलणी करायला आलेला वकील कृष्णाजी भास्कर होता. आदिलशाहीच्या चाकरीत मराठे सरदार होते. पुढच्याच वर्षी, 1660 मध्ये, पन्हाळ्याला वेढा घातला सिद्दी जौहरने, आणि तो वेढा फोडण्यासाठी महाराजांच्या बाजूने लढलेल्यांत सिद्दी हिलाल होता. आरमारात दौलतखान होता. 1665 साली पुरंदरच्या तहाच्या वेळी समोर औरंगजेबाचा सेनापती म्हणून मिर्झाराजे जयसिंह उभे होते. ही नावं पाठाच्या शेवटी तात्पर्यासारखी चिकटवू नका, मुलांना ते लगेच कळतं. ती गोष्टीतच, आपापल्या जागी येऊ द्या. मग ही लढाई राज्याची होती हे मुलं आपणहून बोलतात, आणि त्या मुलाण्याच्या पोरालाही गोष्टीत उभं राहायला जागा मिळते.

मराठवाड्यातल्या शाळेत असाल तर 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, हाच पेच येतो. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांबद्दल सांगायलाच हवं, गावागावांत त्या आठवणी आहेत. त्याच भाषणात शोएबुल्ला खान यांचं नाव घ्या. रझाकारांविरुद्ध लिहिणारे हे तरुण संपादक ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत मारले गेले. एवढ्या एका माहितीने परिपाठाचा सूर बदलतो, हे मी अनेक शाळांत बघितलंय.

आता जातीकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

चौथीच्या मुलांसाठी मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो मसूर स्टेशनचा प्रसंग. डॉ. आंबेडकरांनी तो स्वतःच लिहून ठेवलाय. साल 1901, भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलांएवढेच. वडील दुसऱ्या गावी नोकरीला, त्यांनी सुट्टीत बोलावलेलं. नवे कपडे घालून ही मुलं साताऱ्याहून आगगाडीने निघाली, मसूरला उतरली. न्यायला कुणीच आलं नव्हतं, कारण पोरं येणार असल्याचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी आस्थेने विचारपूस करत होता. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला, तो मागे सरकला. बैलगाड्या भाड्याने मिळत होत्या, पण एकही गाडीवान त्यांना बसवायला तयार नव्हता. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर. वाटेत रात्र झाली. बरोबर जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळालं नाही.

हा प्रसंग सांगितल्यावर मुलं आपणहून विचारतात: दुप्पट पैसे घेतले ते कसे चालले? पैशाला विटाळ नाही का झाला? इथे तुम्ही काही शिकवायला जाऊ नका. मुलांना बोलू द्या. व्याख्या फळ्यावर लिहून जे तासाभरात होत नाही ते या एका प्रश्नात होतं.

यानंतर महाड घ्या, पण एकट्या 20 मार्च 1927 या तारखेवर थांबू नका. फळ्यावर चार सालं एकाखाली एक लिहा. 1923 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात एस. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी तीन वर्षं तिथे पाणी भरता येत नव्हतं. 1927 मध्ये बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली, नंतर त्यांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं, प्रकरण कोर्टात गेलं. 1937 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला. मग मुलांना विचारा, ठराव झाल्यावर लगेच पाणी का नाही मिळालं? चौथीतलं मूल यावर फार नेमकं बोलतं. नियम आणि प्रत्यक्ष वागणं यांतलं अंतर त्याने घरी, शाळेत, रांगेत रोज बघितलेलं असतं.

त्या मुलीला द्यायचं उत्तर साधं ठेवा: "काही लोकांनी स्वतःला जन्माने वरचं मानलं, बाकीच्यांना खालचं ठरवलं, आणि हे टिकवण्यासाठी पाणी, देऊळ, शाळा यांवर ताबा ठेवला. ते चूक होतं. आज तो गुन्हा आहे." "त्या काळी लोक अडाणी होते" असं म्हणून सारवासारव करू नका. अडवणाऱ्यांत शिकलेले लोकही होते. "आता असं काही नसतं" हेही म्हणू नका. संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, तरी 1989 मध्ये अत्याचार रोखण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. वर्गातल्या काही मुलांना हे घरून माहीत असतं. त्यांच्यासमोर तुम्ही नाही म्हणालात तर ती पुन्हा तुमच्याशी बोलणार नाहीत.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. पहिली, वर्गात जात विचारणं, किंवा शिष्यवृत्तीच्या याद्या सगळ्यांसमोर वाचून मुलांना उभं करणं. दुसरी, "आज तुम्ही स्पृश्य, तुम्ही अस्पृश्य" असं नाट्यीकरण. कुणीतरी तुम्हाला अमेरिकेतल्या जेन एलियट यांचं उदाहरण देईल. 1968 साली आयोवातल्या राइसव्हिल गावी तिसरीच्या मुलांची त्यांनी डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली होती. तो प्रयोग धाडसाचा होता, पण तिथली सगळी मुलं गोरी होती. त्यांच्यासाठी ती वागणूक वर्गापुरती होती. आपल्या वर्गात काही मुलांना ती शाळेच्या वाटेवरही भेटते. त्यांना पुन्हा त्यातून न्यायचा अधिकार आपल्याला नाही.

पाणवठ्यांचा नकाशा काढणं हा उपक्रम चांगला आहे, पण आधी एकटीने गावातून फिरून या. विहीर, हातपंप, टाकी कुठे आहे आणि कोणत्या वस्तीपासून किती लांब, हे तुम्हाला आधी माहीत हवं. नाहीतर नकाशा फळ्यावर जे दाखवेल त्याला तुम्ही त्या क्षणी सामोऱ्या जाऊ शकणार नाही.

दुःखाबरोबर बोलणारी, लिहिणारी माणसंही वर्गात आणा. मुक्ता साळवे ही जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलीने हे लिहिलं, हे ऐकून मुली सरळ बसतात. त्या निबंधातला उतारा सोपा करून, पण तिचा राग पुसून न टाकता वाचून दाखवा.

शेतकरी आत्महत्येसारखा विषय चौथीत आपणहून काढू नका. मूल स्वतः बोललं तर त्याला थांबवू नका, तास सोडून ऐका, आणि नंतर एकटं गाठून बोला.

पालक येतील याचीही तयारी ठेवा. पाठाआधी मुख्याध्यापकांना सांगून ठेवा की काय शिकवणार आहात, आणि पाठ्यपुस्तकाचं पान दाखवा. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. पालकांशी बोलताना तेच पान उघडा, शांतपणे बोला, आणि त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या.

आता सराव. चार मैत्रिणी जमवा. एकीने दहा मिनिटं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी चौथीची मुलं होऊन खरे अवघड प्रश्न विचारायचे: "बाई, तुमची जात कोणती?" "माझी आजी म्हणते त्यांच्याकडचं खायचं नाही." "हा तर खान आहे." उत्तर द्यायचं दोन-तीन वाक्यांत, भाषण नाही. पहिल्यांदा जीभ अडखळते, दोन-चार वेळा बोलून झालं की शब्द तोंडी बसतात. "तुमची जात कोणती" याला मी स्वतः असं सांगते: "ते मी वर्गात सांगत नाही, आणि तुम्हालाही कधी विचारणार नाही." मुलांना हे पटतं.

कुणी वर्गातच जातीवरून हिणवलं तर मात्र पाठ तिथेच थांबवा. आधी ज्याला बोललं गेलं त्याच्या बाजूने एक वाक्य सगळ्यांसमोर बोला, बोलणाऱ्याशी नंतर, वेगळं.

तुम्ही कोणत्या जिल्ह्यात आहात ते प्रतिक्रियेत लिहा. तिथल्या स्थानिक इतिहासातले, चौथीला झेपतील असे प्रसंग सुचवीन.